होडी कुणाच्या डोळ्यांनी बघायची?

सेकंड हँड गाडी घ्यायची म्हटली की आपल्यातला प्रत्येक जण एक्स्पर्ट असतो. बॉनेट उघडून उगाच आत डोकावायचं, टायरला एक लाथ मारायची, मायलेज विचारायचं आणि गल्लीतल्या भरवशाच्या मेकॅनिकला चहा-वडापावच्या बोलीवर सोबत न्यायचं. विकणारा म्हणाला, ‘आमचा मेकॅनिक आहे ना, त्यालाच विचारा की,’ तर आपण गालातल्या गालात हसतो. इतके काही आपण बावळट नाही! गंमत म्हणजे हीच हुशार मंडळी पन्नास-साठ लाखांचा फ्लॅट घेताना बिल्डरनं हातात ठेवलेले दाखले न वाचता फाइलला लावून मोकळी होतात. आणि होडी घ्यायची वेळ आली तर?

होडी? तुम्ही म्हणाल, बॉस, इथे बाइक लावायला जागा मिळत नाही आणि होडी कुठे घेऊन बसलात! बरोबर आहे. पण आमच्या ऑफिसात महाडचा एक जण आहे. अकाउंट्सला असतो, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला गायब होतो. तो आणि त्याचे शाळेतले आठ-दहा मित्र, सगळे पुण्या-मुंबईत नोकऱ्या करणारे, गेली दोन वर्षं दर महिन्याला ठरावीक वर्गणी काढतायत. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, एक्सेल शीट आहे, महिना चुकला की दंडही आहे. गोव्याच्या ट्रिपसाठी नव्हे, होडीसाठी. जुनी चालेल, पण पावसाळ्यात गावात कामाला येईल अशी.

महाड समुद्रकाठी नाही, मग तिथे होडी कशाला, हे ज्यांना समजत नाही त्यांनी नकाशा काढावा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडजवळच तिला गांधारी मिळते, थोडं खाली दासगावकडे काळ नदी. वर घाटात धो धो पाऊस आणि खाली समुद्राला भरती असं जुळून आलं की पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही आणि ते बाजारपेठेत शिरतं. एकेकाळी याच खाडीतून माल भरलेली गलबतं वर येत, महाडचा व्यापार त्यावर उभा राहिला. म्हणजे होडी महाडला नवी नाही, आपल्या पिढीला नवी आहे. 2005च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021ला तळिये गाव गेलं, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गाडली गेली, आणि महाड शहर पाण्यात होतं. रस्ते बंद, फोन बंद. बाहेरची मदत यायला वेळ लागला, कारण तिला यायलाच रस्ता नव्हता. आमच्या या अकाउंट्सवाल्याचे आई-वडील ती रात्र वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे बसून होते आणि हा ठाण्यात फोन लावत होता. हल्ली पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडला असते. तरी या पोरांचं म्हणणं, आपल्या आळीत आपली एक होडी हवीच. यावर वाद घालायचं मला काही कारण दिसत नाही.

तर पैसे जमले, आणि खाडीकाठच्या एका गावात एक फायबरची होडी विकाऊ असल्याचं कळलं. निळा-पांढरा रंग, मागे आउटबोर्ड इंजिन, फोटोत एकदम झकास. ‘तपासून घ्यायची आहे,’ असं या मंडळींनी सांगितल्यावर मालक म्हणाला, ‘घ्या की. आमचा सर्व्हेअर आहे, दोन दिवसांत सर्टिफिकेट देईल.’

आमचा मेकॅनिक, आमचा सर्व्हेअर. तेच वाक्य आहे, फक्त आता गालातल्या गालात हसायला कुणाला सुचलं नाही. कारण ‘मरीन सर्व्हेअर’ हे शब्द भारदस्त आहेत. मेकॅनिकच्या हाताला ग्रीस असतं, सर्व्हेअरकडे लेटरहेड असतं.

म्हणून हा माणूस नक्की कोण, ते आधी पाहू. कार्डावर ‘मरीन सर्व्हेअर’ छापलेली चार वेगवेगळी माणसं असू शकतात आणि त्यातलं एकच आपल्या कामाचं. आपल्या रायगड जिल्ह्यातच न्हावा-शेवाचं बंदर आहे. तिथे कित्येक मरीन सर्व्हेअर रोज काम करतात, पण ते बघतात माल. कंटेनर भिजला का, जहाज पाण्यात किती बुडालंय त्यावरून त्यात किती टन माल चढला, असा हिशेब. फार हुशार माणसं, पण वीस फुटी फायबरच्या होडीचा तळ त्यांनी कधी ठोकून पाहिलेला असेलच असं नाही. दुसरा विम्याचा सर्व्हेअर. त्याला आयआरडीएआयचं लायसन्स लागतं आणि त्या लायसन्सवर विभाग लिहिलेले असतात. मरीन कार्गो वेगळं, मरीन हल वेगळं. हल म्हणजे नौकेचं अंग. लायसन्स दाखवा म्हणायला लाजू नका, आणि दाखवलं की ‘हल’ हा शब्द शोधा. तिसरा सरकारी. यंत्रावर चालणारी नौका नदी-खाडीत वापरायची तर 2021च्या अंतर्देशीय नौका कायद्याखाली नोंदणी आणि सर्व्हेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. हे प्रमाणपत्र हवंच, त्यात पळवाट शोधू नका. पण ते गाडीच्या पासिंगसारखं आहे. आरटीओचं पासिंग झालं म्हणून कुणी डोळे मिटून जुनी गाडी घेतं का? नियमात बसते एवढंच त्यातून कळतं. त्या किमतीला घेण्यासारखी आहे की नाही, हे ठरवणं त्यांचं कामच नाही.

चौथा आपला. जहाजावर इंजिनीअर म्हणून वर्षं काढलेला, किंवा नौका बांधणीचं शिक्षण घेतलेला, किंवा बोटींच्या यार्डात हाताला घट्टे पडलेला, आणि आता स्वतंत्रपणे खरेदीपूर्वीची तपासणी करून देणारा. (पवईचं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग 1975पासून जहाजांचे दर्जे ठरवतं, पण आपल्या होडीसाठी तिथे जाणं म्हणजे सर्दीला हार्ट स्पेशालिस्ट.) हा चौथा शोधायला जरा पायपीट होते. अलिबाग, मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे विचारावं लागतं. होडी विकणाऱ्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारा: दुसऱ्या गावचे नाखवा, इंजिन दुरुस्त करणारे, वॉटरस्पोर्ट्सवाले.

सापडला की त्याला फोनवर काय विचारायचं? डिग्री विचारा, पण तिथेच थांबू नका. एवढ्या आकाराची, फायबरची होडी शेवटची कधी तपासली? होड्या किंवा इंजिनं विकायचा धंदा तुम्ही किंवा घरचं कुणी करतं का? या मालकाचं काम पूर्वी केलंय का? नावं झाकून एखादा जुना रिपोर्ट दाखवाल का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. रिपोर्ट जर एका पानाचा असेल, त्यात ‘कंडिशन गुड’ असं चार वेळा लिहिलेलं असेल आणि फोटो एकही नसेल, तर त्या साहेबांना नमस्कार करून फोन ठेवा. फी आधी ठरवा आणि आकडा ठरवा, होडीच्या किमतीची टक्केवारी नको. टक्केवारीवर काम करणाऱ्याला होडी महाग विकली गेली तर आनंदच होणार. आणि सौदा होवो न होवो, फी द्यायची, हेही तेव्हाच कबूल करा. चांगला सर्व्हेअर यातल्या कुठल्याच प्रश्नानं रागावत नाही.

एवढं सगळं करून एक प्रश्न राहतो, आणि महाडच्या माणसाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. तुम्ही काय बघणार नाही आहात?

2 ऑगस्ट 2016ची रात्र आठवते? मुंबई-गोवा हायवेवरचा सावित्रीचा जुना पूल, 1928चा, दगडी कमानींचा. शेजारी नवा पूल झाला होता, पण मुंबईकडे येणारी वाहतूक या जुन्यावरूनच चालायची. नदीला पूर होता, अंधार होता, आणि पूल गेला. राजापूर आणि जयगडहून निघालेल्या दोन एसटी बस आणि एक तवेरा पाण्यात गेली. त्या बस शोधायला नौदलाच्या पाणबुड्यांना कित्येक दिवस लागले. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, हे तेव्हा सरकारनंच सांगितलं. पुढे न्यायालयीन आयोग नेमला गेला, 2017च्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. पण मे महिन्यातलं ते ‘योग्य’ माझ्या डोक्यातून जात नाही. पुलाचे पाय पाण्यात असतात. वरून चालत गेलेल्या माणसाला कठडा दिसतो, डांबर दिसतं, कमानीत उगवलेलं झाड दिसतं. तपासणी झाली, हे वाक्य पूर्ण नाही. कशाची झाली आणि कशाची राहिली, ते पुढे लिहिलेलं असायला हवं.

त्याच महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020ला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसं गेली. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. जुन्या वास्तूला तपासणी, नव्याला कशाला, हा आपला लाडका समज तिथे संपला. होडीलाही तोच नियम लावा. फायबरला वय कळत नाही, असं विकणारे सांगतात. रंग मारला की कळत नाही, एवढंच खरं आहे.

म्हणून सर्व्हेअरच्या रिपोर्टात ‘न तपासलेले भाग’ असा मजकूर मागा. डेक कायम बंद असल्यानं आतल्या पट्ट्या पाहता आल्या नाहीत, इंजिन उघडलं नाही, टाकी काढली नाही, असं तो प्रामाणिकपणे लिहील. पुष्कळांना हा सर्व्हेअरचा अंग काढून घेण्याचा प्रकार वाटतो. मला विचाराल तर अख्ख्या रिपोर्टातला सगळ्यात मोलाचा भाग तोच. तिथे तुमची पुढची रिपेअरिंगची बिलं दडलेली असतात.

आता प्रत्यक्ष तपासणी. त्या दिवशी तुम्ही हजर राहा, ऑफिसातून सुट्टी टाका. बघण्यासारखं असतं! सर्व्हेअर हातात छोटी हातोडी घेतो आणि तळ, बाजू, कणा इंच-इंच ठोकत जातो. पेरू घेताना आपण टिचकी मारतो तसं. चांगलं फायबर टणक आवाज देतं. आतले थर सुटले असतील तर आवाज बद्द येतो. तिथे तो खडूनं गोल काढतो. असे किती गोल होतात ते मोजा. मग तो मागच्या फळीकडे जातो, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. बाहेरून फायबर, पण आत पुष्कळदा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की ते आतून कुजतं आणि बाहेरून सगळं चकाचक. इंजिनाला हातानं वर-खाली दाबून पाहिलं आणि फळी जरा जरी हलली, तर इंजिन भर पुरात होडीला सोडून जायला मोकळं.

डेकखालचा फोमही असाच छुपा रुस्तम. होडीत पाणी भरलं तरी ती तरंगावी म्हणून तो भरतात, पण तो स्वतःच पाणी प्यायला तर तेच ओझं. हे कसं ओळखायचं? आमच्या मंडळींनी ज्या सर्व्हेअरला शेवटी गाठलं त्याचा उपाय मला फार आवडला. तो म्हणाला, ‘तुमच्याकडे एमआयडीसी आहे ना? मग वजनकाटा असेलच.’ होडी ट्रेलरवर चढवायची, काट्यावर न्यायची, मग रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करायचं आणि राहिलेला आकडा बनवणाऱ्याच्या आकड्याशी ताडून बघायचा. टँकरच्या रांगेत होडी उभी! फोटो ग्रुपवर आलाय, लाइक्सचा पाऊस पडलाय.

इंजिनाबद्दल एकच सांगतो. बघायला जाल तेव्हा ते थंड हवं. ‘तुम्ही येणार म्हणून जरा चालवून ठेवलं’ असं मालक म्हणाला तर हसून म्हणा, बरं केलंत, आम्ही उद्या येतो. थंड इंजिन किती झटक्यात सुरू होतं, धूर किती टाकतं, त्यातच सगळं आलं. मग पाण्यावर चाचणी, आणि तीही माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोणी भरून. दोघं जण बसवून होडी पळवणं ही मजा झाली, चाचणी नव्हे.

त्या साहेबांनी मंडळींना विचारलेला पहिला प्रश्न मात्र होडीबद्दलचा नव्हताच. ‘कुठल्या गल्लीतून न्यायची आहे?’ सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मासेमारीसाठी बांधलेली लांबट होडी खाडीत राणीसारखी चालते, पण बाजारपेठेतल्या गल्लीत ती वळणार कशी? पुराच्या पाण्याखाली कंपाऊंडच्या भिंती असतात, बाइक असतात, वायरी असतात. पंखा कशावर आपटेल सांगता येत नाही. ग्रुपमध्ये पोलादपूरचेही दोघं आहेत. त्यांना वाटत होतं, हीच होडी वेळ पडली तर ट्रेलरवरून वर नेऊ. साहेब म्हणाले, पोलादपूरला नदीत खडक, पाण्याला उतार, ओढ जबरदस्त. तिथे ही नेलीत तर होडीलाच वाचवायला दुसरी होडी लागेल. तिथे हवेची बोट, दोर, आणि ते वापरायला शिकलेली माणसं. पोलादपूरकर जरा खट्टू झाले. पण ज्या कामासाठी घ्यायची ते काम सर्व्हेअरला न सांगता तपासणी करून घेणं म्हणजे डॉक्टरला दुखणं न सांगता ‘मी ठीक आहे का’ विचारणं.

काम बदललं की होडीच बदलते, याचा भयंकर दाखला केरळात मिळाला. 7 मे 2023ला तानूरला प्रवाशांची बोट उलटून 22 माणसं गेली. ती मूळची मासेमारीची बोट, फेरफार करून पर्यटकांसाठी वापरात आणलेली. वर मजला चढवला, माणसं वर चढली, की तोल पार वेगळा होतो. म्हणून होडीवर मागाहून टप चढवलाय का, बाकं वाढवलीत का, इंजिन मूळचंच आहे की जास्त ताकदीचं बसवलंय, हे सर्व्हेअरकडून लिहून घ्या. किती माणसं, तो आकडाही. आणि तो होडीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. 18 डिसेंबर 2024ला गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेनं बुडाली, तेव्हा परवानगी 84 प्रवाशांची आणि आत शंभराच्या वर लोक होते. पुराच्या रात्री तुमच्या होडीत कोण किती चढणार, हे ठरवायला सर्व्हेअर येणार नाहीये.

मालकीचं काय? ते सर्व्हेअरच्या अखत्यारीत नाही. नोंदणीचे कागद, इंजिनाचा नंबर, होडीवर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज आहे का, हे तुमचं तुम्ही तपासायचं. आणि होडी घेतल्यावर तहसील कचेरीत आणि नगर परिषदेत कळवून ठेवायचं, म्हणजे ऐन वेळी तुम्ही आणि एनडीआरएफवाले एकाच घराच्या दारात भेटायला नकोत.

त्या निळ्या-पांढऱ्या होडीचं सांगायचं राहिलं. खडूचे गोल झाले अकरा. मागची फळी ओली. वजन काट्यावर सव्वाशे किलोनं जास्त. रिपोर्ट नऊ पानी, शेवटी शेरा: या वापरासाठी शिफारस नाही. ग्रुपवर रात्री दीडपर्यंत घमासान. एक म्हणाला, सर्व्हेअरची फी फुकट गेली. दुसरा म्हणाला, फळी बदलून घेऊ ना, त्याला काय होतंय. तिसऱ्यानं लिहिलं, दोन वर्षं वर्गणी काढली, यंदा पाऊस यायच्या आत काहीतरी घेऊ दे रे! मला या तिसऱ्याची भीती वाटते, कारण तो मनानं सगळ्यात चांगला आहे. ‘हो’ ऐकायची घाई विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यालाच जास्त असते, आणि समोरच्याला ‘हो’ हवंय हे सर्व्हेअरला पहिल्या फोनवरच कळतं. अकाउंट्सवाल्यानं मात्र काही न बोलता एक्सेल शीट टाकली. फी एका कॉलममध्ये, होडीची किंमत दुसऱ्यात. ग्रुप गप्प.

आता दुसरी होडी बघताहेत, रुंद आणि चपट्या तळाची. वेळ थोडा आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवतात. तळ बघायला तो काळ उत्तम, पण महाडला पूर येतो तोही तेव्हाच. त्यामुळे तपासणी मे महिन्यातच उरकायला हवी, आणि त्या वेळी होडी पाण्यात असते. क्रेन परवडत नसेल तर जुनी युक्ती चालते. उधाणाच्या भरतीला होडी जमेल तितकी वर आणायची, टेकू द्यायचे. ओहोटी लागली की तळ उघडा पडतो आणि सर्व्हेअरला हातोडी घेऊन फिरायला चार-पाच तास मिळतात. म्हणजे अपॉइंटमेंट घ्यायची ती अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची. भरतीची वेळ काढायची तर कालनिर्णयातली तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर धरा. या वेळी पौर्णिमा शनिवारी येतेय, म्हणजे कुणालाच रजा टाकावी लागणार नाही.